उलटा व्हॉल्व्ह

सोमवारपर्यंत एका वाक्यात व्याख्या हवी आहे.
अभ्यासक्रमाचं पहिलं पान कोरं ठेवलंय तिच्यासाठी.
ज्ञानशास्त्र म्हणजे…
आणि खालच्या ओळीत,
अभियांत्रिकी त्याची कोण लागते, व्यवस्थापन कोण,
बहीण, सून की नुसती शेजारीण,
समितीला एवढं स्पष्ट करून हवंय.

मे महिना. पहाटेचे सव्वाचार.
गोळीबार चौकामागच्या गल्लीत
खिडक्याखिडक्यांत कूलर घरघरताहेत
आणि डोमाजी हेडाऊ रस्त्यात उकिडवे बसून
लोखंडी झाकण सरकवतात,
आवाज होऊ न देता.
एकतीस तारखेला ते निवृत्त होतील.
म्हणून तर मी आलेय, वही घेऊन.

"हा उलटा हाये, मॅडम.
बाकी सारे उजवीकडं फिरवले का बंद होतेत.
हा उघडते."

नकाशात हे नाही.
वैरागडे इंजिनिअरांचा नकाशा नवा, देखणा,
प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक, अक्षांश, रेखांश.
त्याच दुपारी त्यांना फोन केला तर म्हणाले,
ऐकण्यात चूक झाली असेल तुमच्या,
मानकानुसार असा व्हॉल्व्ह असूच शकत नाही.
जो असूच शकत नाही त्याच्या जिवावर
नऊशे घरं एक दिवसाआड पाणी भरतात.

आस्थापना विभागाने एक नमुना पाठवलाय:
ज्ञान हस्तांतरण, प्रपत्र सात.
रकाना चौथा: आपणास कामाविषयी काय माहीत आहे?
कमाल दोनशे अक्षरे.
डोमाजींनी लिहिलंय: हो.

मी हसले आधी.
मग त्यांनी पाच फुटी चावी खड्ड्यात उतरवली,
मुठीला कान लावला, डोळे मिटले.
मीटर दाब दाखवत होता, हिरवा, व्यवस्थित.
"हवा हाये अजून," ते म्हणाले.
"पाणी बोलते तं जड बोलते."
मीही कान लावला.
मला फक्त लोखंड ऐकू आलं, गार,
आणि माझंच रक्त.

उलटा का, हे मी विचारलं तेव्हा
त्यांनी आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.
चाळीस वर्षांपूर्वी, अशाच उन्हाळ्यात,
जुना फुटला. टेंडरला तीन महिने.
मोहल्ल्यात लग्नं, बाळंतिणी, मागावर ओलं सूत.
एका मिस्त्रीने भंगारातून हा आणला,
उलट्या आट्यांचा, कुठल्या कारखान्याचा कोण जाणे,
आणि एका रात्रीत बसवला.
नोंद केली असती तर चौकशी लागली असती.
"नाव लिवू नका जी. त्याची बायको हाये अजून.
पेन्शन खाते."

पेन उचललं मी कागदावरून.

म्हणजे हे न लिहिणंसुद्धा
कुणीतरी नीट विचार करून बांधलेलं होतं,
जोडावर ताग आणि सफेदा लावून,
आजवर थेंबही न गळणारं.
आणि आम्ही त्याला म्हणत आलो
माहितीचा अभाव.

मोनाली निखारे कंत्राटावर आहे, अकरा महिन्यांच्या.
तिने चावी धरली. हात आपसूक सवयीकडे वळला.
डोमाजी काहीच बोलले नाहीत.
ती थांबली, तोंडात काहीतरी पुटपुटली,
मनगट वळवलं दुसऱ्या बाजूला.
सतरा आटे. सतराव्याला जरा अडतो,
तिथे जोर करायचा नसतो,
हे तिला कुणी सांगितलं ते मी पाहिलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक नळ खोकला.
फसफसला, गप्प झाला, पुन्हा खोकला.
मग निळ्या ड्रममध्ये जड आवाज.

रविवारची रात्र आहे आता. पान कोरंच.
एवढंच लिहून खोडलंय:
ज्ञानशास्त्र म्हणजे कुणाला काय माहीत आहे,
ते कागदावर का आलं नाही,
आणि आणायचं की नाही, हे कुणाला विचारायचं.
नात्याच्या ओळीत नुसता बाण काढलाय,
उजवीकडे जाणारा.
तो उघडतो की बंद करतो
ते सकाळी मोनालीला विचारीन.